आधी पंचे, मग आंबे

गेल्या रविवारी शेजारच्या घरी बॅगा भरणं चाललं होतं. ओटीवर दोन मोठ्या सुटकेस उघड्या टाकलेल्या. चटईवर हापूसच्या दोन पेट्या, फणसपोळी, आमसुलं, कुळथाचं पीठ, घरच्या मसाल्याची बरणी, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. या पसाऱ्यात सहा वर्षांचा मुलगा आणि पावणेदोन वर्षांची मुलगी खेळत होती. यांचे कपडे कुठे, असं विचारल्यावर त्यांची आई म्हणाली, "त्यांचं काय ताई, शेवटी कोंबायचं. तिकडे सगळं मिळतं."

तिकडे म्हणजे दुबईला. आमच्या रत्नागिरीत राजिवडा, कर्ला, साखरतर, नाहीतर शहरातली कुठलीही आळी घ्या, घरातलं एखादं माणूस आखातात असतंच. शाळेला मे महिन्याची सुट्टी पडली की कधी तो गावी येतो, तर कधी बायकामुलांना महिनाभर तिकडे बोलावून घेतो. मुलांना बुर्ज खलिफा बघायचा असतो, वाळवंटात गाडीतून फिरायचं असतं. बॅग भरणारी मात्र एकटी असते, आणि तिच्या डोक्यात मुलांचं ऊन नसतं. नवऱ्याला काय आवडतं, त्याच्या खोलीवरच्या मित्रांना काय द्यायचं, कुणाच्या आईने काय पाठवलंय, हेच असतं. तिकिटावर लिहिलेलं वजन या मायेतच संपून जातं.

मीही असंच केलं होतं. माझी लेक तेव्हा तीन वर्षांची होती. बॅग बंद होईना म्हणून मी तिची रुंद काठाची टोपी आणि दोन सुती झबली काढून ठेवली आणि आंबे राहू दिले. दुबईला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी दीड वाजता, आम्ही खाडीकाठी उभे होतो. एका दिरहॅममध्ये पलीकडे नेणाऱ्या लाकडी होड्या, अब्रा म्हणतात त्यांना, त्या तिला दाखवायच्या होत्या. लेक आधी किरकिरली, मग रडली, मग गप्प झाली. मला वाटलं, रमली. सकाळपासून तिने एकदाही लघवी केलेली नाही, हे माझ्या संध्याकाळी लक्षात आलं. ती रात्र दवाखान्यात गेली, इवल्याशा हाताला सलाइन लावून. ते मूल गप्प का झालं होतं, हे मला डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं. आजही कुणाच्या बॅगेत आधी आंबे जाताना दिसले की माझ्या पोटात गोळा येतो.

आपण कोकणातली माणसं, ऊन आपल्याला नवं नाही, असं आपण धरून चालतो. पण रत्नागिरीत मे महिन्यात पारा साधारण बत्तीस-तेहतिसावर असतो. आपल्याला नकोसं होतं ते घामाने. दुबईत त्याच महिन्यात दुपारी अडतीसच्या आसपास जातो आणि जून ते ऑगस्टमध्ये चाळीस ओलांडतो. तेही शहर समुद्रकाठचं, त्यामुळे हवेत दमटपणा आहेच. अंगाच्या कातडीपेक्षा हवा गरम झाली की वारा अंग निववत नाही, उलट तापवतो. मग शरीराला थंड व्हायला घाम सुकणं एवढीच वाट उरते, आणि दमट हवेत तोही लवकर सुकत नाही. लहान मुलांच्या वजनाच्या मानाने त्यांच्या अंगाचा उघडा भाग जास्त, म्हणून बाहेरची उष्णता ती आपल्यापेक्षा लवकर ओढून घेतात. घामही त्यांना मोठ्यांइतका येत नाही. पाणी मागायचं भान खेळणाऱ्या मुलाला नसतं, आणि पावणेदोन वर्षांच्या मुलीला ते मागताही येत नाही.

म्हणून शेजारणीला मी पहिल्यांदा सांगितलं ते पंच्यांचं. आपले साधे, पातळ विणीचे सुती पंचे, कपाटात चार-पाच पडलेले असतातच. एक पंचा नळाखाली धरा, पिळा आणि मुलाच्या मानेभोवती सैल टाका. पाणी सुकता सुकता मान थंड होते. मुलगी झोपली तर तोच पंचा मांडीवर अंथरा, हॉटेलात जेवताना गळ्याशी बांधा, वाळूत खेळून आली की पाय पुसा. रात्री धुवून टाकला की सकाळी कोरडा. टॉवेल यातलं एकही काम धड करत नाही, आणि बॅगेत चार पंच्यांची जागा खातो. ढकलगाडी नेणार असाल तर ऊन लागू नये म्हणून तिच्यावर जाड दुपटं मात्र पांघरू नका. आत हवा कोंडते आणि बाळ भट्टीत बसल्यासारखं होतं. गाडीचा टप पुढे ओढा, सावलीतून चाला, आतला वारा मोकळा ठेवा.

कपड्यांबद्दल आपल्याकडे उलटी समजूत आहे. गरम देश म्हणून आपण बिनबाह्यांचे फ्रॉक आणि चड्ड्या भरतो. थेट उन्हात सैल, पातळ, फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा सुती सदरा जास्त थंड राहतो. मान झाकणारी टोपी हवी, आणि टाच बंद असलेल्या सपाता, कारण तिथली फरशी आणि घसरगुंडीचा पत्रा दोन्ही पाय पोळवतात. उन्हाचं मलम सहा महिन्यांखालच्या बाळाला लावू नये, त्याला सावलीच द्यावी. मोठ्या मुलांना दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. आणि प्रत्येकी एक पातळ स्वेटर विसरू नका. ऐकून हसू येईल, पण मॉल, मेट्रो, बसथांबे, सगळीकडे एसी असतो. घामाने चिंब झालेलं मूल त्या गारठ्यात एकदम शिरलं की कुडकुडू लागतं.

औषधांच्या पिशवीत तापमापक, मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहून घेतलेलं पॅरासिटॅमॉल आणि ओआरएसची पाकिटं असावीत. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाइन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले. हे पाकीट त्याच पाण्याची पुडी आहे. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात आणि पूर्ण घालायचं, निम्मं नाही. दुकानात फळांच्या चवीच्या खोक्यांवर 'ओआरएस' छापलेलं दिसायचं, ते मात्र औषध नव्हतं, साखरेचं सरबत होतं. २०२५ च्या ऑक्टोबरात आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असल्या पेयांना ते नाव लावायला बंदी घातली. तेव्हा औषधाच्या दुकानातून, जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेली पुडीच घ्या. खोकल्याचं औषध नेणार असाल तर चिठ्ठी बरोबर हवी. कोडीनसारखी द्रव्यं असलेल्या औषधांबाबत तिकडचे कायदे फार कडक आहेत.

मग मी मसाल्याच्या बरणीकडे वळले. "यात खसखस आहे?" तिने मान हलवली. घरच्या मसाल्यात असतेच, करंजीच्या सारणातही असते. पण संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या यादीत आहे. आपल्या स्वयंपाकघरातली साधी वस्तू, पण चिमूटभर सापडली तरी चौकशीला उभं राहावं लागू शकतं. लहान मूल कडेवर घेतलेल्या बाईवर ती वेळ का यावी? बरणी परत आत गेली. तिची सासू दुसऱ्या दिवशी बिनखसखशीचा मसाला कुटून देणार होती. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही गेल्या, कारण तेलकट सुकं खोबरं तापून पेटू शकतं म्हणून विमानाच्या सामानात ते चालत नाही. आमरसाचा डबा हातातल्या बॅगेत ठेवला तर पातळ पदार्थ म्हणून काढून घेतात. बाळापुरतं दूध आणि पेज मात्र नेऊ देतात.

पासपोर्टचंही एक सांगते. आपला दहा वर्षांचा असतो, लहान मुलांचा पाचच वर्षांचा. आई आपला बघते आणि मुलाचाही तसाच असेल असं धरते. तिने दोन्ही काढून पाहिले, मुदत होती.

फिरण्याबद्दल माझं मत ठाम आहे. लहान मुलांबरोबर सकाळी नऊपर्यंत किंवा सूर्य कलल्यावर बाहेर पडायचं, मधल्या वेळी खोलीत राहायचं. ग्लोबल व्हिलेज आणि मिरॅकल गार्डन उन्हाळ्यात बंदच ठेवतात. जिथले लोक आपली बाग बंद ठेवतात, तिथे आपण दुपारी पोरांना घेऊन का हिंडावं? मेट्रोत खाण्यापिण्याला दंड आहे, म्हणून स्टेशनात शिरण्याआधीच पोटभर पाणी पाजा. आणि परत येताना जूनचा मध्य उलटून गेला असेल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलेलं असतं. मुंबईहून रत्नागिरीला येणारी गाडी तेव्हा सावकाश चालते. त्या प्रवासाचं पाणी आणि खाणंही आधीच धरून ठेवा.

चार वाजता सुटकेस पुन्हा भरली. तळाशी मुलांचे सदरे, त्यावर पंचे, टोप्या, औषधांची पिशवी. उरलेल्या जागेत एक पेटी आंबे आणि फणसपोळी. दुसरी पेटी ओटीवरच राहिली. नवरा काय म्हणेल, या काळजीने तिने तिथूनच त्याला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. तो बांधकामावर सुपरवायझर आहे. आंब्यांचं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "अगं, पंधरा जूनपासून पंधरा सप्टेंबरपर्यंत इथे साडेबारा ते तीन उन्हातलं काम कायद्यानेच बंद असतं. धडधाकट माणसांना बसवतात सावलीत. मे महिन्यात तो नियम नाही, पण आपल्या पोरांना मी तो लावणार. टोप्या घेतल्यास ना?"

मुलगी तेव्हा डोक्यावर पंचा घेऊन ओटीच्या कठड्याला धरून उभी होती. तो ओला होता, आणि तिला तो काढायचा नव्हता.