खेप दोनदा आली तर?

१ जुलै २०१७ ला जकात गेली आणि मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या नाक्यांवरची ट्रकची रांग मोडली. आता बिलाची रांग अंधेरी-घाटकोपरच्या सर्व्हरांवर लागते. ई-इनव्हॉइसची सक्ती १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवरच्या उलाढालीपासून सुरू झाली; १ ऑगस्ट २०२३ ला ती ५ कोटींवर उतरली, आणि मरोळच्या गाळ्यांतूनही ‘आमचं सॅप पोर्टलला जोडून द्या’ अशी मागणी येऊ लागली.

जोडून देणारे म्हणजे या मासिकाचे वाचक. इंटिग्रेशन सर्व्हर उभा करणे त्यांना नवे नाही. जेको लायब्ररी टाकायची, एसएम५९ मध्ये आरएफसी डेस्टिनेशन उघडायचे, प्रोग्रॅम आयडी दोन्हीकडे सारखा ठेवायचा, गेटवेच्या रेजइन्फो फाइलीत त्याला परवानगी द्यायची. (ही शेवटची ओळ राहिली की अर्धा दिवस फायरवॉलवाल्याशी भांडण्यात जातो, आणि चूक त्याची नसते.) कनेक्शन टेस्टला मिलिसेकंदांचे आकडे दिसले की पेढे मागवले जातात.

पेढे जरा लवकरच येतात.

सॅप आय-डॉक पाठवताना प्रत्येक खेपेला टीआयडी देते. उत्तर येण्याआधी लाइन तुटली, तर खेप एसएम५८ मध्ये अडकते आणि तोच टीआयडी घेऊन पुन्हा निघते. सर्व्हरने तो डिस्कवर न नोंदवता नुसता मेमरीत धरला असेल, तर रीस्टार्टनंतर तीच ऑर्डर गोदामाला दुसऱ्यांदा जाते. मॉनिटरिंगच्या पडद्यावर सगळे हिरवेच असते. बोंब होते ती गोदामातून.

ई-इनव्हॉइसचा आयआरएन (नोंदणी क्रमांक) ठरवणाऱ्यांनी हा घोळ मुळातच टाळला. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि त्याचा क्रमांक, एवढ्यावरून ६४ अक्षरांचा हॅश निघतो. तेच बील कितीदाही पाठवा, आयआरएन तोच. पोर्टल दुसरी खेप ‘डुप्लिकेट’ म्हणून परत करते. गंमत अशी, की कित्येक अ‍ॅडॅप्टर हा शेरा अपयश म्हणून नोंदवतात. वास्तविक पहिली खेप पोहोचली होती, हरवले होते ते तिचे उत्तर. तो आयआरएन मागवून सॅपमध्ये लिहिला की काम संपते.

लिहितानाही एक शून्य आडवे येते. सॅपच्या टेबलात बिलाचा क्रमांक ००९०००१२३४ असा दहा अंकी. पोर्टलला शून्याने सुरू होणारा क्रमांक चालत नाही. म्हणून मॅपिंगमध्ये शून्ये उडवली जातात, आणि परतीच्या वाटेवर ती लावायची राहतात. मग आयआरएन हातात असतो, पण बील सापडत नाही.

ईसीसी ६.० च्या ताज्या आवृत्त्या आणि प्रोसेस ऑर्केस्ट्रेशन ७.५ यांची नेहमीची देखभाल २०२७ अखेर संपते, त्यामुळे स्थलांतराची कोटेशने सध्या जोरात आहेत. त्यांत लायसन्स असते, माणूस-दिवस असतात. अडकलेल्या खेपा रोज सकाळी कोण उपसणार, ते मात्र कुठल्या रकान्यात नसते. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी किंवा अधिक उलाढालीला बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांतच नोंदणी करावी लागते. त्यानंतर पोर्टल ते बील घेत नाही.