‘साठी बुद्धी नाठी’ म्हणू नका, तपासून घ्या!

आबांना तिन्हीसांजेला अंगणात लहान मुलं दिसतात. अंगण रिकामं असतं. सकाळी ते पेपर घडाघडा वाचतात, दुपारी सुनेचं नाव आठवत नाही. झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात. घरात कुणीतरी म्हणतं, ‘साठी बुद्धी नाठी.’ असं म्हणून सोडून देऊ नका.

आपल्या देशात साठीपुढची सुमारे 88 लाख माणसं स्मृतिभ्रंशाने ग्रासली आहेत, असा अंदाज आहे. पण प्रत्येकाचा स्मृतिभ्रंश सारखा नसतो. आबांसारखी लक्षणं अल्झायमरपेक्षा ‘लुई बॉडी’ प्रकाराकडे बोट दाखवतात. भास थांबवायला दिलं जाणारं हॅलोपेरिडॉलसारखं औषध अशा माणसाचं अंग ताठरवू शकतं, जिवावरही बेतू शकतं. शेजाऱ्याकडची उरलेली गोळी देऊ नका. असं औषध सुरू असेल, तर आजच डॉक्टरांना कळवा.

एक वही घ्या. काय दिसतं, कधी दिसतं, किती वेळा पडले, सगळं लिहा. झोपेतलं ओरडणं मोबाईलवर टिपा. ते घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. बी-12 आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. आणि विचारा, ‘यांचा ईईजी काढून उपयोग होईल का?’

ईईजी म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी 1929 मध्ये तो जगापुढे मांडला. डोळे मिटून शांत बसलेल्या निरोगी माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला साधारण 8 ते 13 लहरी उठतात. लुई बॉडीत त्या बऱ्याचदा आठच्या खाली घसरतात, वेगही कमीजास्त होत राहतो. अल्झायमरच्या सुरुवातीला ही घसरण सहसा इतकी ठळक नसते. म्हणूनच लुई बॉडीच्या निदानासाठीच्या 2017 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत या खुणेला पूरक पुरावा मानलं आहे. एकट्या आलेखावर निदान होत नाही, पण वाट सापडते. कधी विसरण्यामागे छुपी फीट निघते, आणि तिच्यावर औषध आहे!

घाबरू नका. सुई नाही, शॉक नाही, साधारण अर्ध्या तासाचं काम. आदल्या दिवशी डोकं धुवा, तेल लावू नका. रोजच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

आजच फोन करा, याच आठवड्यातली वेळ मागा. रात्री आबांजवळ जो झोपतो, त्याला जाताना सोबत न्या. डॉक्टरांना हवं ते त्यालाच ठाऊक असतं.