पिवळ्या फडक्याकडे बघतो कोण?

टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजीच्या प्रक्षेपणात एक नवी गोष्ट आली. खेळाडूच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दिसू लागले. ठोके वाढले, बाण आठात गेला, म्हणजे पोरगी दडपणाखाली आली, असा सोपा हिशेब घरबसल्या मांडता येऊ लागला. त्याच पडद्यावर, लक्ष्याच्या डोक्यावर, एक पिवळे फडके कधी डावीकडे तर कधी उजवीकडे फडफडत होते. त्याची चर्चा आपल्याकडे झाली नाही. तिरंदाजीबद्दल आपण जे काही बोलतो त्यातली मोठी चूक इथेच आहे.

हे फडके शोभेचे नव्हे. जागतिक महासंघाच्या नियमानुसार प्रत्येक लक्ष्याच्या मध्यावर, बट (लक्ष्याचा कागद लावायचा जाड गठ्ठा) किंवा क्रमांकाची पाटी यांपैकी जे उंच असेल त्याच्याही 40 सेंटिमीटर वर ते लावावे लागते. कापड हलके, आकार 25 ते 30 सेंटिमीटर, रंग लांबून दिसेल असा, म्हणजे बहुधा पिवळा. शिवाय मैदानाच्या कडेला विंडसॉक असतो, विमानतळावर दिसते तशी वाऱ्याने फुगणारी पिशवी. पाऊस आला म्हणून क्रिकेट थांबते. तिरंदाजी सहसा थांबत नाही, आणि नुसत्या वाऱ्यासाठी तर नाहीच.

तिरंदाजीचा एक प्रकार असाही आहे की त्यात झेंडा हेच लक्ष्य असते. त्याला क्लाउट म्हणतात. मोकळ्या मैदानात जमिनीत एक तिकोनी झेंडा रोवायचा, रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले धनुष्य वापरणाऱ्या पुरुषांनी 165 मीटरवरून आणि महिलांनी 125 मीटरवरून बाण आभाळाकडे सोडायचे. झेंड्यापासून दीड मीटरच्या आत पडला तर पाच गुण, पुढच्या प्रत्येक दीड मीटरला एक गुण कमी. ब्रिटनमध्ये हा प्रकार अजूनही आवडीने खेळला जातो. आपल्याकडे त्याचे नाव क्वचितच ऐकू येते, पण वाऱ्याचा धडा द्यायला त्याच्याइतका स्वस्त मास्तर नाही.

ऑलिम्पिकमधला रिकर्व्ह तिरंदाज 70 मीटरवरून नेम धरतो. दहा गुणांचे वर्तुळ अवघे 12.2 सेंटिमीटरचे, म्हणजे मध्यापासून सहा सेंटिमीटर सरकले की दहाचे नऊ. बाणाला तिथवर पोचायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात बाजूचा वारा आपले काम उरकतो. झेंडा उजवीकडे उडत असेल तर जाणकार तिरंदाज काय करतो? तो मुद्दाम चुकीच्या जागी नेम धरतो. साईटचा ठिपका पिवळ्या मध्यावर न ठेवता डावीकडच्या लाल पट्ट्यात नेतो आणि बाकीचे वाऱ्यावर सोपवतो. दोरी ओढून झाली, ठिपका स्थिरावला, आणि ऐन वेळी झेंडा मलूल झाला तर? मग त्याच नेमावर सोडलेला बाण थेट लाल पट्ट्यात. किंवा दोरी सैल करून सगळे पुन्हा पहिल्यापासून. वैयक्तिक सामन्यात एका बाणाला मिळतात 20 सेकंद.

त्यात झेंडाही पुरते खरे सांगत नाही. तो फक्त लक्ष्यापाशी काय चालले आहे ते दाखवतो. मधल्या पट्ट्यात, प्रेक्षकांच्या उंच स्टँडमधून वारा वळून येत असेल तर त्याची दिशा निराळी असू शकते. म्हणून तिरंदाज झेंडा बघतो, विंडसॉक बघतो, झाडांचे शेंडे बघतो, आणि मागे उभा असलेला प्रशिक्षक आधीचा बाण कुठे लागला ते सांगतो.

आपल्याकडे मात्र प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात अर्जुनाची गोष्ट येते. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, फक्त पक्ष्याचा डोळा दिसतो. गोष्ट सुंदर आहे. एकाग्रता शिकवायला ती ठीक, पण उघड्या मैदानावरच्या तिरंदाजाला ती निम्मीच उपयोगाची. ज्याला फक्त डोळा दिसतो, फांदी हलताना दिसत नाही, तो वाऱ्याच्या दिवशी हरतो.

2012 साली लंडनमध्ये, लॉर्ड्सच्या मैदानावर, दीपिका कुमारी पहिल्याच फेरीत ब्रिटनच्या एमी ऑलिव्हरकडून 6-2 अशी हरली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि जागतिक क्रमवारीत पहिली. वारा आणि ताप अशी दोन कारणे त्या वेळी पुढे आली. अनेकांना ती सबब वाटली, आणि ‘मोठ्या स्पर्धेत कच खाणारी’ हा शिक्का तिच्यावर बसला तो बसलाच. ताप कुणाच्या हातात नसतो. वारा वाचणे मात्र शिकवता येते, आणि ती जबाबदारी एकट्या खेळाडूची नसते.

दक्षिण कोरियाने हे फार पूर्वी ओळखले. टोकियोच्या आधी त्यांनी जिन्चॉनच्या राष्ट्रीय केंद्रात ऑलिम्पिकच्या मैदानाची प्रतिकृती उभारली. एवढ्यावर न थांबता संघाला समुद्रवाऱ्याच्या सरावासाठी जाउन बेटावर नेले, कारण टोकियोचे युमेनोशिमा हे मैदान उपसागराच्या काठी, भराव घातलेल्या जमिनीवर होते. त्या ऑलिम्पिकमध्ये पाचपैकी चार सुवर्णपदके कोरियाने नेली. मनोधैर्य वगैरे त्यांच्याकडेही असेलच, पण आधी त्यांनी वाऱ्याची सोय केली.

महाराष्ट्राला यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. 2023 साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाऊंडची, म्हणजे कप्प्या बसवलेल्या धनुष्याची, जगज्जेती झाली आणि नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण घेतले. त्याच वर्षी साताऱ्याचा पार्थ साळुंखे रिकर्व्हमध्ये 21 वर्षांखालील जगज्जेता ठरला. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियोत जागतिक क्रमवारीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला 6-0 ने हरवून पुढच्याच फेरीत अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनकडून 0-6 ने हरला. कंपाऊंडचे अंतर 50 मीटर, बाणाचा वेगही जास्त, त्यामुळे वारा तिथे तुलनेने कमी छळतो. रिकर्व्हमध्ये तो पूर्ण वसुली करतो. आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धाही आहे, तेव्हा कंपाऊंडवाल्यांनीही बेफिकीर राहू नये.

गंमत अशी की वाऱ्यासाठी सातारकरांना बेट शोधायला नको. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. भिंतीच्या आडोशाला, सकाळच्या शांत हवेत मिळवलेले गुण कागदावर छान दिसतात, पण निवड त्यांच्यावरच होत असेल तर संघ शांत हवेसाठीच निवडला जाणार.

यासाठी नवे स्टेडियम लागत नाही. शालेय आणि जिल्हा स्पर्धांत पाहुण्यांच्या स्वागताला झेंडे कमी पडत नाहीत, तेव्हा प्रत्येक लक्ष्यावर नियमात बसणारा एक पिवळा तुकडा लावायला काय हरकत आहे? गुणपत्रिकेवर त्या वेळच्या वाऱ्याची नोंद व्हावी. वर्तमानपत्रांनीही पराभवाच्या बातमीत ‘दडपण’ लिहिण्याआधी ती नोंद मागावी. आणि राज्य संघटनेने रिकर्व्हची किमान एक निवड चाचणी पठारावर, भर वाऱ्यात घ्यावी. येत्या मोसमापासूनच.