आधी धुवा, मग नोंदवा

गेल्या महिन्याच्या टपालात विदर्भातून आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे. लोकसहभागातून जुनी खेळणी मिळाली, फोटो गेला, जडसंग्रह नोंदवहीत नग चढले. ती धुवायची कशाने आणि मोडली तर काढायची कशी, हे कोणी सांगत नाही. एका अंगणवाडी सेविकाताईंनी चाक निघालेली मोटार आणि फुटकी बाहुली तीन वर्षे पोत्यात बांधून ठेवली होती. आदेशाविना टाकली तर तपासणीत नग कमी भरतो. निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून नग वगळण्याचा प्रस्ताव दिला, तर इतक्या किरकोळ किमतीचा वेगळा प्रस्ताव चालत नाही, इतर साहित्यासोबत पाठवा, असे उत्तर आले. तोवर पोते फाटले आणि तीच बाहुली पुन्हा मुलांच्या हाती लागली.

24 मे 2022 रोजी मध्य प्रदेशचे तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी भोपाळमध्ये हातगाडी ढकलत अंगणवाड्यांसाठी खेळणी गोळा केली. आपल्या गावांतही देणारे हात आहेत, त्यांचे आभारच. पण देणारा पुसून देतो. धुणे आपल्याकडे राहते. परवा रिसोडजवळच्या एका अंगणवाडीत दानात आलेले रबरी बदक मी दाबले. बाहेरून लख्ख, आतून मात्र काळपट पाणी आणि बुरशीचे पापुद्रे मदतनीसताईंच्या तळहातावर पडले. थोड्या वेळापूर्वी ते एका मुलाच्या तोंडात होते. 2018 मध्ये स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतील संशोधकांनी अशी आंघोळीची खेळणी कापून पाहिली, तेव्हा आत जिवाणू आणि बुरशीचा दाट थर सापडला. भोक असलेले, दाबून पाणी उडवणारे खेळणे घेऊच नका.

रंगाचे दुखणे आणखी वेगळे. त्याच वर्षी प्लिमथ विद्यापीठाच्या अँड्र्यू टर्नर यांनी वापरलेली 200 प्लास्टिक खेळणी तपासली. लाल, पिवळ्या आणि काळ्या खेळण्यांत शिसे, कॅडमियम यांसारखे घातक घटक विशेष आढळले. ते साबणाने जात नाहीत. आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या खेळण्यांवर ते असेलच असे नाही. पोपडे सुटलेले, बटण सेलचे झाकण सैल झालेले, बारीक भाग निघणारे खेळणे बाजूला काढा. आपली मुले तीन वर्षांवरची असली, तरी धाकटी भावंडे सोबत येतातच.

बाकीच्या खेळण्यांसाठी क्रम पाळा. आधी साबण आणि ब्रश, कारण मळावर टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा उपयोग होत नाही. मग 1 लिटर पाण्यात 3 ग्रॅम ताजी टीसीएल पावडर, वरची निवळी घेऊन त्यात दहा मिनिटे. पुन्हा स्वच्छ पाणी, आणि पूर्ण सुकेपर्यंत ऊन. लाकडी खेळणी भिजवू नका, साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. टीसीएल जलसुरक्षकाकडे मिळते, पण फिनेल किंवा ॲसिडच्या बाटलीजवळही ती नेऊ नका.

अधिकाऱ्यांना आमचे सांगणे स्पष्ट आहे. मोडके खेळणे जागेवरच पंचनामा करून काढण्याची मुभा सेविका, पर्यवेक्षिका आणि आशाताई यांच्या सहीने द्या. नगांची संख्या जपण्यासाठी मुलाचा घसा धोक्यात घालता येणार नाही.

आपल्यातही दोष आहे. नवा संच मळेल म्हणून कपाटात कुलूपबंद, आणि न धुतलेली जुनी खेळणी मुलांपुढे, असे चित्र आम्ही पाहिले आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला परिसरातल्या साध्या वस्तूंतून शिक्षणसाहित्य उभे केले. कपाट भरलेले दिसावे हा त्यांचा हेतू नव्हता; मुलाने हाताळावे, हा होता.

भगिनींनो, येत्या शनिवारी टोपली उपडी करा. धुण्याजोगे धुवा, मोडक्याची यादी करा, ती सेक्टर बैठकीत लेखी द्या आणि पोच घ्या. साबण, टब, ब्रशसाठी ग्राम आरोग्य समितीच्या अबंधित निधीचा विषय मांडा; त्या समितीत आपण सदस्य आहोत. पोचेची एक प्रत आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात किती गावांतून यादी गेली ते छापू, आणि आदेश निघेपर्यंत दर अंकात छापत राहू.