बॉनेटचं कुलूप असतं कुठं?

दोस्तांनो, आज वाचायला बसण्याआधी एक छोटं काम करा. गल्लीत, चाळीसमोर, शाळेबाहेर, कुठंही उभी असलेली एखादी मोटार बघा. हात लावायचा नाही हं, नुसती बघायची. ड्रायव्हरच्या दाराला किल्लीचं भोक दिसेल. आता पुढं या. ज्याच्याखाली इंजिन, बॅटरी असा सगळा महागाचा माल असतो, त्या बॉनेटला किल्लीचं भोक दिसतं का? नाही ना? कडी नाही, कोयंडा नाही, काहीच नाही!

मग चोराला अडवतं कोण?

हा प्रश्न मला पडला तो 1998 सालच्या पावसाळ्यात, रात्री अडीच वाजता. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे. त्या रात्री त्यांना एकाएकी श्वास घेता येईना. आजी धावत वर आल्या. ‘‘अरे, तुझी गाडी काढतोस का?’’ तेव्हा 108ची रुग्णवाहिका नव्हती बरं का, महाराष्ट्रात ती 2014 मध्ये सुरू झाली. मी चपलासुद्धा न घालता खाली पळालो. आजोबांना मागच्या सीटवर बसवलं, किल्ली फिरवली, आणि... काही नाही. साधा ‘टक्’ असा आवाजही नाही. उतरून बॉनेट उचललं, तर आत दोन वायरी लोंबत होत्या. बॅटरी गायब!

आजोबांचं नशीब चांगलं. दूधवाल्याचा टेम्पो पहाटेच्या फेरीला निघाला होता, त्यातून त्यांना दवाखान्यात नेलं. ते वाचले, पुढं बरीच वर्षं आमच्याशी पत्तेही खेळले. पण त्या रात्री गेलेली वीस मिनिटं मी विसरलेलो नाही. चोराला मिळाले असतील थोडे पैसे. आमचं मात्र काय गेलं असतं, विचार करा.

सकाळी गॅरेजमधले मेस्त्री आले. त्यांनी बॉनेट पाहिलंच नाही. आधी दार पाहिलं आणि विचारलं, ‘‘साहेब, रात्री काच उघडी ठेवली होती का?’’ हो, ठेवली होती. गाडीत ओलसर वास येत होता म्हणून चार बोटं खाली! मेस्त्री म्हणाले, ‘‘मग बॉनेट तुम्हीच उघडून दिलंत की!’’

आता मेस्त्री असं का म्हणाले, ते समजायचं तर बॉनेट कसं बंद होतं ते पाहायला हवं.

दोरी ओढा, खटका उघडा

बहुतेक गाड्यांत बॉनेटची बिजागरी मागं, म्हणजे काचेच्या बाजूला असते. पुढच्या टोकाला, आतल्या अंगाला एक लोखंडी कडी असते. बॉनेट आपटलं की ती कडी खालच्या खटक्यात जाऊन अडकते. स्प्रिंग त्या खटक्याला घट्ट धरून ठेवते. खटका सोडवायचा, तर डॅशबोर्डखाली एक छोटी मूठ असते, ती ओढायची. मूठ आणि खटका यांच्यामध्ये असते एक तारेची केबल.

ही केबल तुम्ही रोज पाहता. कुठं? सायकलच्या ब्रेकला! आत पोलादी तार आणि बाहेर वाकणारी पण न दबणारी नळी. हिला म्हणतात बाउडन केबल. अर्नेस्ट बाउडन नावाच्या संशोधकानं 1896 मध्ये तिचं पेटंट घेतलं. गंमत अशी की, वळणावळणाच्या वाटेनंही ही केबल ओढ पोचवते. साधी दोरी अशी वळणं घेईल का? ती ओढली की सरळ होऊ पाहणार!

करून पाहा : माशांच्या टाकीला हवा देतात तसली पाऊण मीटर नळी घ्या. तिच्यातून नायलॉनची बारीक दोरी ओवा. दोरीचं एक टोक नळीपासून वीतभर लांब ठेवलेल्या कंपासपेटीला बांधा. नळीला छान वळण द्या आणि तिची दोन्ही टोकं टेबलावर चिकटपट्टीनं पक्की करा. आता मोकळं टोक ओढा. पेटी लगेच सरकते. मग पेटीकडची चिकटपट्टी काढा आणि पुन्हा ओढा. आधी नळीच हलते, सरळ व्हायला बघते. म्हणजे काम नुसती तार करत नाही. बाहेरची नळी दोन्ही टोकांना घट्ट असावी लागते.

आता आलं लक्षात? बॉनेटची किल्ली म्हणजे ती आतली मूठ. मूठ गाडीच्या आत, म्हणून तिचं कुलूप म्हणजे गाडीचं दार. आणि दाराचं कुलूप पक्कं कधी? काच पूर्ण वर असेल तेव्हा. बॉनेट, खटका, केबल, मूठ, दार, काच अशी ही साखळी आहे. मी शेवटची कडी चार बोटं उघडी ठेवली आणि सगळी साखळीच सुटली.

दुसरा खटका चोरासाठी नाही

मूठ ओढली तरी बॉनेट एकदम उघडत नाही, जरासं वर येतं. मग फटीत बोटं घालून आणखी एक आकडा सरकवावा लागतो. पुष्कळांना वाटतं, हा चोरासाठी. नाही! हा आकडा वाऱ्यासाठी आहे. बॉनेट नीट लागलं नसेल आणि गाडी वेगात गेली, तर वारा ते उचलून काचेवर आपटेल आणि ड्रायव्हरला पुढचं काही दिसणार नाही. तसं होऊ नये म्हणून ही दुसरी सोय. पुढून उघडणाऱ्या बॉनेटसाठी अमेरिकेत तर ती कायद्यानंच लागते.

जुन्या गाड्यांत हे काहीच नव्हतं. हेन्री फोर्ड यांच्या 1908च्या मॉडेल टी गाडीचं इंजिनावरचं झाकण बाहेरूनच उघडायचं. कुणीही यावं, पकड सोडवावी, आत डोकवावं! पण तेव्हा ती गाडी हँडल मारून सुरू करायची, त्यामुळे चोरायला आजच्यासारखी मोठी बॅटरीही नव्हती. 1912च्या कॅडिलॅक गाडीत विजेवर चालणारा स्टार्टर आला. हँडलचे कष्ट गेले, पण स्टार्टरला झटक्यात खूप वीज लागते, म्हणून दणकट बॅटरी हवी. बॅटरीत शिसं, आणि शिसं वितळवून पुन्हा वापरता येतं, म्हणून मोडीतही त्याला भाव. झालं, चोराला बॉनेट आवडायला लागलं!

आपल्याकडच्या जुन्या जीपही अशाच. बॉनेटच्या दोन बाजूंना बाहेरून दोन पकडी. रानात, चिखलात झटपट उघडायला सोपं, पण बाजारात उभी केली की धाकधूक. मग मालकमंडळी तिथं कोयंडा जोडून घ्यायची आणि लहानसं कुलूप ठोकायची.

मग करायचं काय?

मेस्त्रींनी मला चार उपाय सांगितले. तुम्ही ते बाबांना, आत्याला, ज्यांच्याकडं गाडी असेल त्यांना सांगा.

पहिला उपाय फुकटचा. काचा पूर्ण वर आणि प्रत्येक दार ओढून पाहायचं. पाचही दारं, डिकीसकट!

दुसराही फुकटचा. गाडीचं नाक भिंतीजवळ ठेवून उभी करायची. त्यानं बॉनेट बंद राहतं असं नाही, पण तो दुसरा आकडा सरकवायला चोराला पुढं उभं राहायला जागा उरत नाही. उजेडाची जागा मिळाली तर फारच छान.

तिसरा, बॉनेटला वेगळं कुलूप. यात एक जाड खिळा बॉनेट धरून ठेवतो आणि त्याचं किल्लीचं भोक डॅशबोर्डखाली असतं. दार उघडलं तरी बॉनेट उघडत नाही. साखळीत एक कडी वाढली!

चौथा, भोंगा. बॉनेटखाली बटणासारखा छोटा स्विच बसवतात. बॉनेट मिटलेलं असलं की तो दाबलेला राहतो. उचललं की सुटतो आणि भोंगा कोकलायला लागतो.

मी म्हटलं, ‘‘मेस्त्री, सरळ जाळीतून साखळी ओवतो आणि भलं मोठं कुलूप लावतो!’’ त्यावर ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘आणि उद्या वायरिंगनं पेट घेतला तर?’’

हे फार महत्त्वाचं आहे, मुलांनो. इंजिनातून धूर आला तर सगळ्यांनी आधी गाडीतून उतरून लांब जायचं. बॉनेट धाडकन उघडायचं नाही, कारण हवा मिळाली की आग भडकते. आग विझवणारी माणसं बॉनेटची थोडीशी फट करून तिथून फवारा मारतात. साखळीनं जखडलेलं बॉनेट ती फटच करू देत नाही. म्हणून कुलूप असं हवं, की चोराला वेळ लागेल आणि मालकाला लागणार नाही. त्याची किल्लीही गाडीच्याच जुडग्यात हवी, घरच्या कपाटात नको.

आणि खरं सांगू? कुठलंच कुलूप कायमचं अडवत नाही. ते चोराचा वेळ खातं, एवढंच. पण तेवढ्या वेळात कुणाचा दिवा लागतो, कुणी खोकतं, कुत्रं भुंकतं. आमच्या गल्लीत त्या रात्रीनंतर एक रीत पडली. रात्री कुणाच्या गाडीची काच उघडी दिसली, की जो पाहील त्यानं बेल वाजवायची. किती वाजलेत ते पाहायचं नाही. सर्वांत जास्त बेला कोण वाजवायचं, माहीत आहे? तेच खालचे आजोबा!

जाता जाता

बॉनेटच्या खालचंच नाही, वरचंही चोरीला जातं. रोल्स-रॉइस गाडीच्या नाकावर 1911 पासून एक छोटी पंख पसरल्यासारखी मूर्ती असते. 2003च्या फँटम गाडीपासून तिला कुणी धक्का दिला, की ती झटकन आत लपते. गोगलगाय जशी!

डोकं चालवा

भोंगा बॉनेटखाली आहे आणि त्याला वीज मिळते गाडीच्या बॅटरीतून. चोरानं बॉनेट उचलून पहिल्याच क्षणी बॅटरीची वायर तोडली तर भोंगा गप्प! मग भोंगा बनवणाऱ्यांनी काय युक्ती केली असेल? आधी स्वतः विचार करा, मगच खाली बघा.

(उत्तर : चांगल्या भोंग्याच्या पोटातच एक छोटी बॅटरी असते. गाडीची वीज तुटली की तो तिच्यावर ओरडत राहतो.)

तुम्हाला आणखी वेगळी युक्ती सुचली? मग चित्र काढून जरूर पाठवा. आणि हो, आज रात्री झोपण्याआधी खिडकीतून एकदा खाली बघा. कुणाची काच उघडी तर नाही ना?

भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमचा,
यंत्रकाका