बंडी सुधारा, बैलाचा खांदा वाचवा



आपल्या जंगलभागातल्या वाटा खडकाळ. बंडीला कमानपाटे नसतात, म्हणून प्रत्येक खड्ड्याचा दणका जुवातून बैलाच्या खांद्यावर बसतो. खांदा सुजला, की ऐन रोवणीच्या वेळी चिखलणी अडते.

आधी बिनखर्चाचे उपाय करा. धानाचे भारे असे रचा, की जू मानेवर हलके टेकेल. भार पुढे गेला तर मान दबते. मागे गेला तर जू उचलते आणि पट्ट्याने गळा आवळतो. आखाला वेळेवर वंगण द्या. जू मानेवर टेकते तिथे गुळगुळीत करून घ्या.

चार पैसे जमले, की मोडीतल्या गाडीचा आख आणि रबरी चाके बसवा. टायरमधली हवाच कमानीचे काम करते. दोन्ही चाकांत हवा सारखी ठेवा, नाहीतर बंडी एका अंगाला ओढते. मात्र रबरी बंडी उतारावर बैलांना ढकलते. म्हणून ब्रेक लावल्याशिवाय ती जुंपू नका.

चाक हलके झाले म्हणून ओझे वाढवू नका. पारा ३७ अंशांवर गेला, की दुपारी १२ ते ३ बैल जुंपू नयेत, असा १९६५ चा नियमच आहे. चंद्रपूरच्या उन्हात तो विसरू नका.