टाच रेषेवर होती

शाळेच्या स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचे, गुरुजनांच्या आठवणींचे आणि वसतिगृहातील दिवसांचे लेख असावेत, ही प्रथा योग्यच आहे. तरीही या वर्षी बास्केटबॉलच्या एका नियमावर चार शब्द लिहिण्याची अनुमती आम्ही संपादक मंडळाकडून मागून घेतली. त्याला एका सामन्यातील प्रसंग कारण आहे, आणि त्या प्रसंगात शिक्षक, पालक व माजी विद्यार्थी अशा आम्हा मोठ्यांच्या हातून घडलेली चूक कारण आहे.

सामना आंतरशालेय होता. अखेरचे अर्धे मिनिट उरले होते आणि आपल्या मुली एका गुणाने पुढे होत्या. बाजूरेषेजवळ उभ्या असलेल्या आपल्या एका मुलीने पास झेलला, त्या क्षणी तिची टाच रेषेवर होती. मध्ये दुसरी खेळाडू आल्यामुळे पंचांना ते दिसले नाही. मुलीने हात वर केला आणि चेंडू खाली ठेवला. पंचांनी शिट्टी फुंकली, चेंडू प्रतिपक्षास मिळाला, त्यांनी बास्केट केली आणि आपण एका गुणाने हरलो.

परतीच्या प्रवासात त्या मुलीशी कोणी धड बोलले नाही. "पंचांनी पाहिले नव्हते, तर तुला कोणी विचारले होते?" असे एक पालक म्हणाले. दुसऱ्यांनी सांगितले की नुसती टाच टेकली होती, अख्खा पाय कुठे बाहेर होता? आम्ही हे सारे ऐकले आणि गप्प बसलो. पुढचा आठवडाभर ती मुलगी संध्याकाळी मैदानावर आली नाही.

प्रथम नियम काय म्हणतो ते पाहू. कारण त्या दिवशी गाडीत जी चर्चा झाली, तीत नियम ठाऊक असलेले फार थोडे होते. व्हॉलीबॉलमध्ये रेषेवर पडलेला चेंडू आत धरतात, टेनिसमध्येही तसेच. त्या सवयीने आपण बास्केटबॉलची रेषाही मैदानाचाच भाग समजतो. प्रत्यक्षात तसे नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मैदान 28 मीटर लांब व 15 मीटर रुंद असते आणि हे माप सीमारेषेच्या आतल्या कडेपासून घेतात. रेषा 5 सेंटिमीटर रुंद असते आणि ती संपूर्ण रेषा मैदानाच्या बाहेर असते. म्हणून रेषेला स्पर्श झाला की खेळाडू बाहेर. अख्खा पाय, अर्धा पाय, टाच, बोटाचे टोक, असा भेद नियमात नाही. अशा खेळाडूने चेंडूस स्पर्श केला की चेंडूही बाहेर गेला, असे मानले जाते.

नियमाचा दुसरा भाग अधिक सूक्ष्म आहे. उडी मारून हवेत असलेला खेळाडू कुठे आहे असे मानायचे? ज्या जमिनीवर त्याचा शेवटचा स्पर्श झाला, तिथेच तो आहे, असे नियम सांगतो. म्हणून मैदानातून झेपावलेला मुलगा रेषेपलीकडे हवेत असताना चेंडू परत आत लोटू शकतो. त्याचे पाय बाहेर टेकण्यापूर्वी चेंडू हातातून सुटला पाहिजे, एवढेच. उलट रेषेबाहेरून उडी घेणारा मुलगा मैदानाच्या वर हवेत असला तरी बाहेरच असतो. त्याने तशा स्थितीत चेंडू झेलला तर तो वैध नाही. प्रेक्षकांतून "आत आहे, आत आहे" असा ओरडा होतो, तो बहुधा याच ठिकाणी. आपण हवेतले शरीर पाहतो, पंच मात्र शेवटचे पाऊल पाहत असतात.

हा नियम मुळात असा नव्हता. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी या खेळाचे पहिले 13 नियम लिहिले. त्यांत बाहेर गेलेला चेंडू जो प्रथम हस्तगत करील, त्याने तो आत टाकावा, अशी तरतूद होती. परिणामी चेंडू बाहेर गेला की दोन्ही संघ त्यावर तुटून पडत आणि जो बळकट व दांडगट, त्याचे फावत असे. पुढे नियम बदलला आणि ज्याच्या स्पर्शानंतर चेंडू बाहेर गेला, त्याच्या प्रतिपक्षास तो देण्याची रीत आली. चेंडू पाच सेकंदांच्या आत मैदानात टाकण्याची अट मात्र त्या पहिल्या नियमांतूनच आजवर चालत आली आहे. या एका बदलाने धक्काबुक्कीचा प्रश्न सत्याचा प्रश्न झाला: शेवटचा स्पर्श कोणाचा? आणि पंचांनाही ते ठरवता आले नाही, किंवा त्यांच्यात मतभेद झाला, तर नियमपुस्तक त्यांना अंदाज बांधायला लावत नाही. ती 'जंप बॉल'ची स्थिती मानतात आणि आळीपाळीच्या बाणानुसार चेंडू देतात. आपल्याला कळले नाही, हे मान्य करण्याची सोय नियमातच ठेवली आहे, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

आता मुलांकडून नेहमी येणारा प्रश्न. "सर, मी मुद्दाम नव्हतो गेलो." आपल्या शाळेत तर कृतीचे मोल चेतनेवरून ठरते, असे आपणच मुलांना शिकवतो. मग इथे हेतू का विचारला जात नाही? याचे उत्तर नियमपुस्तकातच आहे. त्यात 'फाउल' आणि 'उल्लंघन' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाउल खेळाडूच्या नावापुढे नोंदवला जातो आणि पाच झाले की त्याला बाहेर जावे लागते. रेषेबाहेर जाणे हे केवळ उल्लंघन आहे. चेंडू दुसऱ्या संघाला मिळतो, खेळ पुढे चालू होतो आणि गुणपत्रकावर त्या खेळाडूच्या नावापुढे काहीही लिहिले जात नाही. तो दोषारोप नसतो. पाय कुठे होता, एवढेच ते सांगणे असते. जिथे लबाडीला वाव आहे, तिथे हेतूही पाहिला जातो. अमेरिकेतील महाविद्यालयीन नियमांत, स्वतःहून रेषेबाहेर जाऊन परत आलेल्या खेळाडूने आत येताच चेंडूस प्रथम स्पर्श केला तर ते उल्लंघन ठरते. दुसऱ्याच्या धक्क्याने बाहेर गेलेल्याला ती अट लागू नाही.

आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला गावकुसाबाहेर ठेवणारीही एक रेषाच होती. ती माणसाचा जन्म पाहून आत-बाहेर ठरवीत असे आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती. मैदानावरची रेषा कोणाचे नाव, गाव वा आडनाव विचारत नाही. संस्थेच्या विश्वस्ताचा मुलगा असो की ऊसतोड कामगाराची मुलगी, दोघांच्या टाचेला ती एकच न्याय देते. अशी रेषा आपल्या लेकरांच्या वाट्याला आली, तर ती पुसट करण्यात आपले हित नाही. आपल्या सोयीच्या वेळी ती इंचभर सरकवण्याची मुभा आपण घेतली, तर उद्या दुसरा कोणी ती आपल्याविरुद्ध सरकवील, तेव्हा आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

याला एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. खेळात निर्णय पंचांचा असतो. शिट्टी वाजेपर्यंत खेळत राहावे, हे प्रशिक्षक शिकवतात ते योग्यच आहे. स्वतःहून हात वर करण्याचे बंधन कोणताही नियम घालत नाही. एखाद्या मुलाने तो वर केला नाही, म्हणून त्याला अप्रामाणिक ठरवणे अन्यायाचे होईल; धावपळीत आपली टाच कुठे होती हे त्यालाही पुष्कळदा कळत नाही. म्हणून प्रत्येकाने तसेच वागावे, असा आग्रह आम्ही धरत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की जिने हात वर केला, तिला आपण शिक्षा करू नये. अबोला हीदेखील शिक्षाच असते, आणि लहान वयात ती छडीपेक्षा अधिक लागते.

म्हणून दोन सूचना. प्रत्येक हंगामाच्या पहिल्या संध्याकाळी सीमारेषेचा नियम मैदानावर, रेषेवर उभे राहून, मुलांना मोठ्याने वाचून दाखवावा. त्या वेळी पालक आणि माजी विद्यार्थीही उपस्थित असावेत. दुसरी सूचना, आपल्या मैदानावरच्या रेषा दरवर्षी पावसाळ्यानंतर नव्याने रंगवाव्यात. अर्धी पुसलेली रेषा ही भांडणाची सुरुवात असते, आणि त्या भांडणात बहुधा वयाने मोठा असलेला जिंकतो.

त्या मुलीला आम्ही पुढे बोलावून घेतले आणि आमचे चुकले, असे सांगितले. तिने विचारले, "पण सर, टाच रेषेवर होती ना?" होती. एवढेच उत्तर आम्ही दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मैदानावर आली.